वादळाला किनारा लागतो, नुकसानीला नाही



अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की बातम्यांचे कॅमेरे अलिबाग-रत्नागिरीकडे धावतात आणि नंदुरबार जिल्ह्याच्या वाट्याला ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ एवढं वाक्य येतं. सतर्क राहायचं म्हणजे कोणी, कधी, काय करायचं? वादळांचा मोसम तोंडावर आहे, म्हणून आताच विचारतो.

आपल्याला समुद्र नाही, इथवर येईतो वादळाचा दम जातो, असं कार्यालयांपासून पारापर्यंत सगळेच सांगतात. पण नवापूरपासून सुरतेकडचा किनारा सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी पश्चिम विदर्भापर्यंत पोहोचलं होतं. डिसेंबर 2017 मधलं ‘ओखी’ सुरतेच्या दिशेने येताना विरलं खरं, पण त्याचे ढग आणि अवकाळी पाऊस उत्तर महाराष्ट्रावर आलेच. तो आपल्याकडे मिरचीचा हंगाम. उघड्या पथारीवर पसरलेल्या मिरचीला पाऊस वादळाचा की वादळ विरल्यानंतरचा, याने काय फरक पडतो?

खरी गफलत व्याख्येत आहे. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरला पोहोचला की हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो. त्याखाली आला की ते ‘तीव्र कमी दाबाचं क्षेत्र’ होतं, बातमीतून उतरतं आणि आपण सुटलो असं वाटतं. शहादा-तळोद्याची घडाने वाकलेली केळ किंवा फळांनी लगडलेली पपई आडवी व्हायला पन्नासचा वाराही पुरतो. केळीच्या फळपीक विम्यात वेगाचा वारा हा स्वतंत्र धोका धरलाय, तो उगाच नाही.

बरं, पूर्वसूचना मिळत नाही असंही नाही. हवामान विभागाच्या इशाऱ्यांचे चार टप्पे आहेत. त्यातला शेवटचा, वादळ जमिनीवर येण्याच्या किमान 12 तास आधीचा, आतल्या जिल्ह्यांत काय होईल हेच सांगण्यासाठी असतो. म्हणजे तो आपल्यासाठीच आहे! त्या बारा तासांना आपल्याकडे काम नेमून दिलेलं दिसत नाही, ही माझी तक्रार.

काम काय, तर बाजार समितीने ओल्या मिरचीचे लिलाव दोन दिवस थांबवावेत आणि पथारीवरचा माल ताडपत्रीखाली जाईल हे पाहावं. कृषी सहायकांनी केळीला टेकू द्यायला आणि तयार घड उतरवायला शेतकऱ्याला वेळेत सांगावं. वीज किती तास जाईल याचा अंदाज महावितरणने आधीच द्यावा, म्हणजे पाण्याच्या टाक्या भरून ठेवता येतील.

धडगाव, अक्कलकुव्याचा प्रश्न वेगळा आहे. डोंगरातल्या अनेक पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही, तिथे भ्रमणध्वनीवरचा संदेश पाठवून जबाबदारी झटकता येत नाही. तिथे पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई आणि मोलगी-धडगावचा आठवडे बाजार हीच यंत्रणा, आणि भाषा पावरी-भिलीच हवी. दिवस भरत आलेल्या बायांना आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणावं, कारण रस्त्यावर झाड आडवं पडल्यावर रुग्णवाहिका चढत नाही. नर्मदाकाठच्या गावांत होड्या कधी बंद होणार, तेही आदल्या दिवशी कळायला हवं.

एवढं करून वादळ आलंच नाही तर लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत, असा आक्षेप येईल. जून 2019 मध्ये गुजरातने किनाऱ्यावरची लाखो माणसं हलवली आणि ‘वायू’ वादळ समुद्रातच वळलं. ती माणसं घरी परतली. आपल्याला तर कुणाला गाव सोडायलाही सांगायचं नाही. ताडपत्री आणि टेकू एवढाच खर्च आहे.

जिल्हाधिकाऱ्यांना विनंती, मे उजाडण्याआधी सहाही तालुक्यांसाठी अशा कामांचं एकेक पान तयार करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं, आणि प्रत्येक कामापुढे जबाबदार कर्मचाऱ्याचं पद लिहावं.

– एक केळी उत्पादक, शहादा (जि. नंदुरबार)