रंगीत तालमीचे तिकीट

नाट्यव्यवसायात एक जुना संकेत आहे. रंगीत तालमीला नातेवाईक येतात, दोन-चार जाणकार येतात. कोणाच्या मिशा सुटतात, कोणी वाक्य विसरतो, दिवे भलत्याच वेळी जातात, आणि तरी कोणी तक्रार करीत नाही; कारण कोणी तिकीट काढलेले नसते. तिकिटाची खिडकी उघडली की मात्र तो प्रयोग. इंटरनेटवर हजारोंनी एकाच वेळी खेळायच्या खेळांच्या धंद्याने ही रेघच पुसून टाकली आहे. तालीम चालू असते आणि तिकिटे पूर्ण दराची असतात.

ज्यांच्या घरात शाळा-कॉलेजात जाणारे कोणी आहे, त्यांना हे नवे नाही. माझ्या पुतण्याने दिवाळीत मिळालेले पैसे साठवून असा एक खेळ महिनाभर आधी नोंदवून ठेवला होता. तो खुला व्हायच्या रात्री चौघे मित्र आपापल्या घरी जागे राहिले. पडद्यावर आले काय, तर तुमच्यापुढे रांगेत इतके हजार लोक आहेत! पहाटे दोनला आत शिरले, ते वीस मिनिटांत पुन्हा बाहेर फेकले गेले. ‘होईल हो काका, दोन-तीन महिन्यांत पॅच येतील,’ असे उलट त्यानेच मला समजावले. मला त्या बिघाडापेक्षा या समजूतदारपणाचे अधिक वाईट वाटले. नवा पंखा आणला आणि तो फिरलाच नाही, तर आपण दुकानदाराला दोन-तीन महिन्यांची मुदत देतो का?

अर्थात पंखा आणि हा खेळ यांत फरक आहे, आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. पंखा कारखान्यात फिरवून पाहता येतो. हजारो माणसे एकत्र आल्यावर काय करतील, हे ती आल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीचा ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सप्टेंबर १९९७ मध्ये बाजारात आला. कर्त्यांनी त्या काल्पनिक राज्यात मोठ्या हौसेने निसर्गचक्र रचले होते. ससे होते, सशांना खाणारे लांडगे होते. खेळाडूंना आत सोडताच त्यांनी दिसेल ते जनावर मारून टाकले. चक्र फिरायला काही उरलेच नाही आणि तो सगळा भाग काढून टाकावा लागला. त्याआधी, चाचणीच्या काळात, निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः राजाच्या वेषात प्रजेला दर्शन द्यायला आले, तर एका खेळाडूने राजालाच जाळून मारले. राजाला अमर ठेवणारी तरतूद सर्व्हर बंद पडल्यानंतर पुन्हा चालू करायची राहिली होती!

असे दोष तालमीत दिसत नाहीत, हे कबूल. पण या चाचणीची सीडीसुद्धा कंपनीने पाच डॉलर घेऊन दिली होती, आणि सुमारे पन्नास हजार लोकांनी ते भरले. चूक शोधणाऱ्यानेच पैसे मोजायचे, ही रीत तिथे चांगलीच रुजली. पुढे खेळ सतत अडखळतो, संपर्क तुटतो म्हणून १९९८ मध्ये काही ग्राहक कोर्टात गेले आणि तडजोडीने प्रकरण मिटले.

माझा खरा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. लोक कसे वागतील हे सांगता येत नसेल. पण साधारण किती येतील, हे आगाऊ नोंदणीच्या आकड्यांवरून कंपनीला कळत असते. आषाढीला एस.टी. जादा गाड्या सोडते, त्या काही दैवी साक्षात्काराने नव्हे. मार्च २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने ‘सिमसिटी’ची नवी आवृत्ती आणली. नगररचनेचा हा खेळ १९८९ पासून माणूस घरी एकटाच खेळत आला होता. या वेळी मात्र इंटरनेटची जोडणी सक्तीची केली. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले. भार कमी करण्यासाठी वेळ भरभर पुढे नेण्याची सोय काढून घेतली गेली, अ‍ॅमेझॉनने काही काळ विक्री थांबवली, आणि शेवटी कंपनीने नुकसानभरपाई म्हणून दुसरा एक खेळ फुकट दिला. वर्षभराने जोडणीविना खेळण्याची सोय आलीच! म्हणजे ज्या सक्तीपायी हा गोंधळ झाला, ती टाळता येण्याजोगी होती.

मग घाई कशाची? या कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि खेळ ५ मार्चला आला, एवढीच नोंद करतो. तारीख बनवणारा ठरवत नाही, हिशेबनीस ठरवतो. आपल्याकडे ती कॅलेंडरही ठरवते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’वर बंदी आली आणि दोनच दिवसांत ‘फौ-जी’ या देशी खेळाची घोषणा झाली. तो २०२१ च्या प्रजासत्ताकदिनी आला खरा. पण एकट्याने खेळायच्या कथेपुरताच. मित्रांची टोळी जमवून खेळायचा भाग, ज्याची पोरे वाट पाहत होती, तो त्या दिवशी तयारच नव्हता.

या खेळांत घाईची किंमत इतर मालापेक्षा जबर असते. अशा खेळात आपण विकत घेतो ती सोबत. पहिल्या महिन्यात कंटाळून निम्मे गडी निघून गेले, तर राहिलेल्यांनी खेळायचे कोणाशी? ओस पडलेल्या गावात नंतर उत्तम रस्ते बांधून उपयोग होत नाही. २०१९ मध्ये याच कंपनीचा ‘अँथेम’ असाच अर्धाकच्चा आला, लोक पांगले, डागडुजीचा बेत २०२१ मध्ये सोडून देण्यात आला आणि १२ जानेवारी २०२६ रोजी सर्व्हर कायमचे बंद झाले. ज्यांनी पैसे देऊन डिस्क घेतली, त्यांच्या कपाटात आता नुसती चकती आहे.

ओस गाव पुन्हा वसल्याचे उदाहरण विरळा, पण एक आहे आणि ते जपानचे आहे. स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ‘फायनल फँटसी’ मालिकेतला चौदावा खेळ ३० सप्टेंबर २०१० रोजी आला. दिसायला देखणा, खेळायला असह्य. फुलाच्या एका कुंडीवर माणसाच्या पात्राइतके रेखाटन खर्ची पडले होते आणि त्या ओझ्याखाली संगणक दमून जात. डिसेंबरमध्ये अध्यक्ष योइची वादा यांनी जाहीर माफी मागितली, प्रमुखांना बदलले आणि मासिक वर्गणी घेणे थांबवले. ती थेट जानेवारी २०१२ पर्यंत घेतली नाही. नवे प्रमुख नाओकी योशिदा यांनी जुना खेळ दुरुस्त करीत चालू ठेवला आणि त्याच वेळी नवा पायापासून रचायला घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या जगावर आकाशातून चंद्र कोसळवून जुना खेळ संपवला. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा आला, आणि तो कंपनीच्या सर्वांत किफायतशीर खेळांत जाऊन बसला. योशिदांची खरी कसोटी डिसेंबर २०२१ मध्ये लागली. नव्या भागासाठी इतकी गर्दी लोटली की रांगा तासन्‌तास हलेनात. तेव्हा त्यांनी चक्क खेळाची विक्रीच काही आठवडे थांबवली आणि वर्गणीदारांना फुकट दिवस वाढवून दिले. खिडकीवर ‘हाउसफुल्ल’ची पाटी लावणारा या धंद्यातला असा मालक दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

बाकी ठिकाणी सावध राहायचे काम गिऱ्हाइकावरच येते. आगाऊ नोंदणीत मुलांना एखादा दिखाऊ पोशाख किंवा तलवार मिळते. त्या बदल्यात आपण माल न पाहता पैसे मोजतो. ‘स्टीम’ या मोठ्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून पैसे परत मिळण्याची सोय आहे: खरेदीला चौदा दिवस झालेले नसावेत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी चाललेला असावा. मात्र घड्याळ प्रोग्रॅम उघडल्यापासून धावू लागते. रांगेत ताटकळलेला वेळही त्या दोन तासांतच मोजला जातो.