तक्रार बंद, चेंबर तुंबलेलेच

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला कंपू मराठी वाचकाला अगदीच परका नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि पुढे त्या तळाचेच शहर झाले. कंपूत मांढऱ्यांच्या मातेची टेकडी आहे, कटोरा ताल आहे, जयारोग्य रुग्णालय आणि गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून रोज येणारी रोग्यांची रीघ आहे, आणि या सगळ्याच्या मध्ये दाट वस्ती. रहिवाशांच्या तक्रारी मात्र अकोल्यात किंवा सांगलीत असतात त्याच: चेंबर उलटे वाहते, नळाला गढूळ पाणी येते, कचरागाडी आली नाही, रस्ता खणून ठेवला तो ठेवलाच.

तक्रार करायला तिथे जागा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. मध्य प्रदेशात २०१४ पासून १८१ क्रमांकाची मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे. तक्रार आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, मुदतीत उत्तर आले नाही तर आपोआप वर चढते. अशा चार पायऱ्या. तक्रारदाराने समाधान झाल्याचे सांगावे आणि मगच ती बंद व्हावी, असा दंडक. शिवाय दर मंगळवारी जिल्हाधिकारी कचेरीत जनसुनवाई. रचना चोख आहे, आणि आपल्याकडच्या कित्येक पालिकांना अजून जमलेली नाही.

तरीही गाडे अडते, कारण अधिकाऱ्याचे मोजमाप निकाली आणि प्रलंबित या दोन आकड्यांवर होते. जिल्ह्यांची आणि खात्यांची क्रमवारी त्यावरच लागते. अशा वेळी नाल्यापेक्षा तक्रारदार हाताशी असतो. त्याला फोन जातो: ‘भाईसाहब, काम हो जाएगा, शिकायत तो बंद करवा दीजिए.’ तो बधला नाही तर वरच्या पायरीवर ‘फोर्स क्लोज’, म्हणजे त्याच्या संमतीविना तक्रार बंद करणे, आहेच. आपण हसू नये. ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात आली आहे’ हे आपल्या ‘आपले सरकार’वरचे उत्तर याच कुळातले.

आमच्या मते गफलत मोजण्याच्या एककात आहे. एकच चेंबर जून ते सप्टेंबरमध्ये पाच वेळा तुंबते. जेटिंग मशीन पाच वेळा येते, पाच तक्रारी येतात, पाच निकाली निघतात. कागदावर शंभर टक्के. प्रत्यक्षात खाली वाहिनी खचलेली असते, उतार गेलेला असतो किंवा तिचे तोंड नाल्याच्या पूरपातळीखाली असते. हे सगळ्यांत आधी मुकादमाला कळते, मग कनिष्ठ अभियंत्याला. पण ते लिहायला नोंदवहीत रकानाच नाही.

स्वर्णरेखेचे उदाहरण घ्या. हनुमान बांधाकडून येऊन लष्करातून जाणारी ही नदी. राणी लक्ष्मीबाईंचा १८५८ मधला शेवट जिच्या काठी झाला असे सांगतात, ती हीच. या शतकात तिचा तळ काँक्रीटने पक्का केला आणि सांडपाण्याची मुख्य वाहिनी तिच्यातूनच नेली. पाणी जिरायचे थांबले, नदीचा नाला झाला आणि मुख्य वाहिनी भरली की सांडपाणी मिळेल तिथून वर येऊ लागले. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे याविषयी जनहित याचिका चालली, महापालिकेला वारंवार बोलणी खावी लागली. दरम्यान याच पात्रावरून जाणाऱ्या उन्नत मार्गाचे भूमिपूजन २०२२ मध्ये झाले. आता काठच्या गल्लीतल्या बाईने ‘चेंबर भरले’ म्हणून फोन केला, तर ती खरे म्हणजे मुख्य वाहिनीची तक्रार करते आहे. तक्रार पोचते मात्र प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकाकडे. त्याच्या हाती एक यंत्र, चार माणसे आणि तीन दिवसांची मुदत. तो चेंबर उपसतो, फोटो चढवतो, सुटतो.

गढूळ पाण्याचेही तसेच. शहराची भिस्त सांक नदीवरच्या तिघरा धरणावर, आणि एकाआड एक दिवस पुरवठा तिथे वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेला. बंद काळात रिकामी नळी गळक्या सांध्यांतून बाहेरचे पाणी आत ओढते. नळी गटारातून गेली असेल तर काय ओढते हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून ‘सकाळी पहिली दहा मिनिटे वास येतो’ ही तक्रार कुरकुर समजू नये. फुकट मिळालेला तपासणी अहवाल आहे तो. इंदूरच्या भागीरथपुऱ्यात २०२५ च्या अखेरीस दूषित पाण्याने माणसे दगावली. तिथल्या रहिवाशांनी पाण्याविषयी आधीच तक्रारी केल्या होत्या, आणि शहर देशात सर्वांत स्वच्छ म्हणून वर्षानुवर्षे मिरवत होते.

पैसा नाही, ही सबब आपल्या व्यवसायात सर्रास चालते. तिचा निकाल याच राज्यातून लागलेला आहे. रतलामच्या न्यू रोडवरचे रहिवासी उघडी गटारे आणि दुर्गंधी यांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली. नगरपालिकेने तिजोरी रिकामी असल्याचे सर्वोच्च न्यायालयापर्यंत सांगून पाहिले. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळले: कायद्याने नेमून दिलेले काम निधीअभावी टाळता येत नाही. ते कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ क्रमांकाने आहे. नव्या अभियंत्यांना ते माहीत नसते. रहिवाशांना मात्र कधी ना कधी वकील भेटतोच.

पण निकालाचा धाक दाखवून कनिष्ठाला झोडपणे सोपे. ग्वाल्हेरच्याच चेतकपुरीचा नवा रस्ता २०२५ च्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा खचला तेव्हा निलंबन अभियंत्यांच्या वाट्याला आले. ते योग्यच असेल. तरी चर नीट न दाबता वर डांबर टाकायची घाई कोणाची होती, हे निलंबनाच्या आदेशातून कळत नाही. भरावाच्या थराथराची दाबणी मोजण्याचे साधन जागेवर होते का, हा प्रश्न आमच्या दृष्टीने जास्त कामाचा.

तेव्हा आमची सूचना लहान आहे आणि तिला नवी निविदा लागत नाही. तक्रार क्रमांकाबरोबर जागेचा क्रमांक लिहा: चेंबर, व्हॉल्व्ह, कचराकुंडी, जे असेल ते. एका जागेची तिसरी तक्रार आली की ती निकाली काढण्याचा अधिकार प्रभागाकडे राहू नये. कार्यकारी अभियंत्याने जागेवर जाऊन कारण लिहावे. ‘मुख्य वाहिनी अपुरी, प्रभागाच्या आवाक्याबाहेर’ असे लिहिणाऱ्या निरीक्षकाचा गुण कापला जाऊ नये, आणि अंदाजपत्रकाच्या बैठकीत ही यादी टेबलावर असावी. आमच्या काही वाचकांनी साध्या वहीत अशी नोंद ठेवली आहे असे ऐकतो. त्यांनी रकान्यांचा नमुना पाठवावा, नाव नको असेल तर तसे कळवावे. नालेसफाईची देयके निघण्याआधीच्या अंकात आम्ही ते छापू.