सुटका खरी, कथा खोटी

युद्धात शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकाला सोडवून आणणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य होय. सैनिक आपले आयुष्य राष्ट्राच्या स्वाधीन करतो ते संकटकाळी राष्ट्र आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही या भरवशावर. म्हणूनच एका जिवासाठी अनेकांचे प्राण पणाला लावणे हिशेबी बुद्धीला पटले नाही, तरी लष्करी नीतीला ते मान्य असते. परंतु असे कर्तव्य पार पाडल्यानंतर राज्यकर्ते त्याचा वापर कशासाठी करतात, हा प्रश्न उरतोच. २००३ च्या इराक युद्धातील जेसिका लिंच हिच्या सुटकेने तो प्रश्न ठळकपणे पुढे आणला.

लिंच ही १९ वर्षांची तरुणी अमेरिकन लष्कराच्या देखभाल व दुरुस्ती करणाऱ्या एका तुकडीत पुरवठ्याची कारकुनी करीत होती. २३ मार्च २००३ रोजी या तुकडीचा ताफा रस्ता चुकून नासिरिया शहरात शिरला आणि हल्ल्यात सापडला. ११ सैनिक मारले गेले, काही कैद झाले. वाहनाच्या अपघातात लिंचची हाडे मोडली आणि अखेर ती तेथील रुग्णालयात पोचली. एका इराकी वकिलाने तिचा ठावठिकाणा अमेरिकनांना कळविला. १ एप्रिलच्या रात्री अमेरिकेच्या विशेष पथकांनी रुग्णालयात शिरून तिला बाहेर काढले. रुग्णालयात पुरलेल्या आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेहही त्यांनी सोबत नेले. फावडी नव्हती, तेव्हा त्या सैनिकांनी हातांनी माती उकरली. या घटनेला मोठेपण येण्यासाठी याहून अधिक कशाची गरज होती?

पण सत्ताधाऱ्यांना आणि प्रचारकांना एवढ्यावर समाधान नव्हते. ३ एप्रिलला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने, नाव न सांगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हवाल्याने, एक वीरगाथा छापली. लिंचने दारूगोळा संपेपर्यंत शत्रूशी झुंज दिली आणि गोळ्यांच्या जखमा अंगावर झेलल्या, असे तीत म्हटले होते. सुटकेची रात्री टिपलेली चित्रफीत कतारमधील लष्करी मुख्यालयातून जगभर गेली. वास्तव निराळे होते. लिंचची बंदूक अडकली होती आणि तिने एकही गोळी झाडलेली नव्हती. हे तिने स्वतः सांगितले. इराकी डॉक्टर व परिचारिकांनी आपली काळजी घेतली, हेही तिनेच सांगितले.

अशा खोट्याची किंमत कोण मोजतो? पहिली किंमत मोजली खऱ्या वीरांनी. त्याच चकमकीत सार्जंट डॉनल्ड वॉल्टर्स हा एकाकी पडून शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. लिंचच्या नावावर खपलेले झुंजीचे वर्णन मुळात त्याच्याविषयीचे असावे, असे मानले जाते. लष्कराने त्याला मरणोत्तर ‘सिल्व्हर स्टार’ दिले. पण तोवर जगाचे लक्ष दुसरीकडे वळले होते. दुसरी किंमत मोजली त्या मोहिमेनेच. रुग्णालयात शिरताना सैनिकांना कोणताही प्रतिकार झाला नाही आणि इराकी सैनिक आधीच निघून गेले होते, असे तेथील डॉक्टर सांगू लागले. तेव्हा सारी मोहीमच कॅमेऱ्यासाठी रचलेले नाटक होती, असा संशय बळावला. अंधारात, शत्रूच्या शहरात शिरणाऱ्या जवानांना आत कोण आहे याची खात्री असणे शक्य नव्हते. मोहीम बनावट नव्हती, असा निष्कर्ष पुढे संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनीही दिला. परंतु एकदा खोटे बोलणाऱ्याच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. जवानांनी मिळविलेल्या यशाला बट्टा लागला तो शत्रूमुळे नव्हे, स्वकीय प्रचारकांमुळे.

वस्तुतः अशा कामगिरीला असत्याच्या आधाराची गरज नसते. याचा दाखला अमेरिकेच्याच इतिहासात आहे. २१ नोव्हेंबर १९७० रोजी अमेरिकन कमांडोंनी उत्तर व्हिएतनाममधील सोन ताय येथील युद्धकैद्यांच्या छावणीवर छापा घातला. छावणी रिकामी होती. कैद्यांना काही महिन्यांपूर्वीच हलविण्यात आले होते. दोन दिवसांत संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी हे जाहीरपणे सांगितले. टीका झाली, चेष्टाही झाली. तथापि त्यानंतर उत्तर व्हिएतनामने दूरच्या छावण्यांतील कैदी हनोईत एकत्र आणले. एकांतवास भोगणाऱ्यांना सोबत मिळाली आणि आपला विसर पडलेला नाही ही जाणीवही. एकही कैदी न सोडवलेली ती मोहीम कैद्यांच्या दृष्टीने निष्फळ ठरली नाही.

या प्रकरणात वृत्तपत्रांचा दोषही थोडा नाही. बेनामी अधिकाऱ्यांच्या शब्दावर वीरगाथा उभारणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी ती तपासून पाहण्याची शिस्त अवघड. युद्धकाळात ही शिस्त पाळणे म्हणजे देशद्रोह, असे मानणाऱ्यांची संख्या प्रत्येक देशात मोठी असते. म्हणूनच तिची खरी गरज युद्धकाळातच असते.

२४ एप्रिल २००७ रोजी लिंच अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे उभी राहिली. मला वीरांगना बनविण्यासाठी खोटे का सांगितले गेले हे मला अजूनही समजलेले नाही, अशा आशयाची साक्ष तिने दिली आणि लोकांना बनावट वीरकथांची गरज नसते, असेही सांगितले. ज्या मुलीला सरकारने न केलेल्या पराक्रमाचे श्रेय दिले, तिने ते सर्वांसमक्ष परत केले. नासिरियात तिने बंदूक चालविली नसेल. पण त्या दिवशी सत्तेसमोर तिने दाखविलेले धैर्य अस्सल होते. पुढे तिने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. सैनिकाला शत्रूच्या कैदेतून सोडविणाऱ्या राष्ट्राने त्याला आपल्या प्रचाराच्या कैदेत टाकू नये, एवढा धडा तरी तिच्याकडून राज्यकर्त्यांनी घ्यावा.