आधी छप्पर आणि ॲक्सल, मग पडदे

उन्हाळा जवळ आला की इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळातलं कोणी ना कोणी जुनी मोटरहोम घ्यायला निघतं. भारतातून आई-बाबा यायचे असतात, त्यांना यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन दाखवायचं असतं. मोटेलांची भाडी डोळे पांढरे करतात आणि नवी मोटरहोम तर विचारायचीच सोय नाही. मग कुणाच्या तरी अंगणात उभी असलेली टोयोटा डॉल्फिन किंवा सनरेडर मनात भरते. टोयोटाच्या छोट्या पिकअपवर बांधलेलं अठरा ते एकवीस फुटांचं घर, त्यात चूल, फ्रीज, झोपायला माळा, कोपऱ्यात संडास. 1993-94 नंतर अशा गाड्या बनल्या नाहीत, म्हणजे सगळ्यात ‘नवी’ गाडीसुद्धा तिशी ओलांडलेली. विकणारा बॉनेटवर थाप मारून सांगतो, ‘इंजिन झकास आहे.’

असेलही. बहुतेक गाड्यांत असलेलं टोयोटाचं 22आर किंवा 22आरई इंजिन खरोखरच चिवट आहे. पण या गाड्या भंगारात जातात त्या बहुतेक वेळा पाण्यामुळे. आणि काहींच्या पोटाखाली एक जुनं दुखणं आहे, ते भर हायवेवर बाहेर पडतं. म्हणून माझी विनंती अशी, की गाडी घरी आणल्यावर पहिला डॉलर गाद्यांच्या खोळींवर घालवू नका. तो छपरावर आणि मागच्या ॲक्सलवर जाऊ द्या. आणि गाडीच्या किमतीच्या निम्मी तरी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर यंदा मोटेलच बरं.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. टोयोटानं फक्त पुढची केबिन आणि चॅसी दिली. मागचं घर बांधलं ते अमेरिकेतल्या वेगवेगळ्या मोटरहोम कंपन्यांनी. त्यामुळे इंजिनाचे बरेचसे भाग आजही साध्या पार्ट्सच्या दुकानात मिळतात, पण खिडकी फुटली किंवा दाराची चौकट वाकली तर टोयोटाचा डीलर हात वर करतो. डॉल्फिन बनवणारी नॅशनल आरव्ही 2007 मध्ये दिवाळखोरीत गेली. घराची हमी घेणारं आता कोणी नाही, तुम्हीच.

बहुतेक गाड्यांत या घराला लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरग्लास, आतून पातळ प्लायवुड, मधल्या पोकळीत थर्मोकोल नाहीतर काचलोकर. एकदा पाणी आत शिरलं की ते वाळत नाही. लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरचा कागद मात्र छान दिसत राहतो. म्हणून गाडी बघायला गेलात की सोफ्यावर बसू नका. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर चढा, गादी उचला आणि पुढच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या खाली, अंगठ्यानं जोर देऊन दाबा. लाकूड कडक लागायला हवं. अंगठा आत जात असेल, प्लायवुड ओल्या पुठ्ठ्यासारखं दबत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर काय ते समजा. एकाच कोपऱ्यात नवाकोरा वॉलपेपर दिसला तर तो कशासाठी लावलाय ते विचारा. सनरेडरचं कवच फायबरग्लासचं आणि दोन अर्ध्या भागांचं, त्यामुळे तिला सांधे कमी. पण तिलाही खिडक्या आहेत, छताला झरोके आहेत, आणि पाणी तिथून येतंच.

गळती शोधायची एक खात्रीची रीत आहे. कोरड्या दिवशी सगळी दारं-खिडक्या बंद करा. चुलीच्या वरचा पंखा, फ्रीजची भोकं, नळाच्या मोऱ्या टेपनं झाका. छताच्या एका झरोक्यात पुठ्ठा कापून बसवा आणि पानं उडवायचा ब्लोअर त्यातून आत हवा मारेल असा लावा, अगदी हळू वेगावर. आता बाहेरून स्पंजानं साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर फिरवा. जिथे फट आहे तिथे बुडबुडे येतील. पहिले बुडबुडे बऱ्याचदा येतात ते गाडीच्या कपाळावरच्या पिवळट दिव्यांच्या मागून. या पाच दिव्यांकडे कोणी बघत नाही. त्यांच्या स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं थेंब थेंब पाणी माळ्याच्या लाकडात उतरत राहतं. दिवा काढला की मागे काळं पडलेलं, भुसा झालेलं लाकूड हाताला लागतं. दिवा पाच मिनिटांत बदलतो. त्याच्या मागचं लाकूड बदलायला एक अख्खा आठवडा लागू शकतो, आणि तेही पत्रा सोलून.

गळती सापडली की हार्डवेअरच्या दुकानातली सिलिकोनची नळी आणून वरून फासू नका. सिलिकोनवर नंतर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, आणि पुढच्या माणसाला (बहुधा तो तुम्हीच असाल) ते खरवडून काढताना रडू येतं. खिडकी, दिवा, झरोका जे गळत असेल ते स्क्रू काढून पूर्ण सोडवा, जुना डिंक खरवडा, कडेखाली नवी ब्युटाइल टेप लावा, पुन्हा कसा आणि बाहेर आलेली टेप कापून टाका. सपाट छतावरच्या सांध्यांसाठी आपोआप पसरणारं लॅप सीलंट मिळतं, ते स्क्रूच्या डोक्यांवरून घाला. छत रबरी असेल तर त्याला पेट्रोलियमचं क्लीनर किंवा सीलंट लावू नका, रबर फुगतं. आणि हे एकदा करून सुटका नाही. कोकणात पावसाआधी घर शाकारतात, तसं या छताकडे दर वर्षी शिडी लावून बघायचं. वर चालू मात्र नका. फळी टाकून तिच्यावर गुडघे टेका.

आता ॲक्सल. हे नीट वाचा, कारण इथे प्रश्न गाडीचा नाही, आत बसलेल्या माणसांचा आहे. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांचा मागचा ॲक्सल साध्या अर्धा टनी पिकअपचा होता. घराचं वजन जास्त म्हणून काही बांधणाऱ्यांनी त्याच ॲक्सलला जोडपट्टी लावून दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं बसवली. दिसायला भक्कम, पण त्या ॲक्सलच्या दांड्याला फिरायचंही असतं आणि वजनही पेलायचं असतं. बाहेरचं चाक दूर गेल्यामुळे तरफेचा जोर उलट वाढला. दांडे तुटले आणि चालत्या गाडीची चाकं निखळली. पुढे यावर रिकॉल निघाला आणि कितीतरी गाड्यांना एक टनी ॲक्सल बसवून मिळाले. त्या एक टनी ॲक्सलमध्ये वजन हबवर आणि बाहेरच्या नळीवर जातं, दांडा फक्त फिरतो. सगळ्यांनीच तो बदलून घेतला असं मात्र नाही.

ओळखायला टॉर्च आणि दोन मिनिटं पुरतात. मागच्या चाकाची टोपी काढा आणि नट मोजा. पाच नट आणि जोडचाकं असतील तर ती गाडी आई-बाबांना घेऊन डोंगरात नेण्याची नाही. सहा नट असतील आणि चाकाच्या मधोमध हबचा जाड गोळा बाहेर डोकावत असेल, तर बहुधा एक टनी ॲक्सल आहे. मेकॅनिककडून खात्री करून घ्या. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याच्या (एनएचटीएसए) संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून ‘रिकॉल नाही’ असं दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथला शोध साधारण गेल्या पंधरा वर्षांतलेच रिकॉल दाखवतो. या गाड्यांची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची.

टायरवरची नक्षी बघून टायर चांगला म्हणू नका. बाजूला डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे, तो वस्तुसंग्रहालयाला द्या. सहा-सात वर्षांवरचा टायर मी तरी ठेवणार नाही. नवे घेताना मोटारीचे स्वस्त टायर घेऊ नका, वजन पेलणारे एलटी टायर मागा. जोडचाकांतल्या आतल्या टायरची हवा बघायला हात पोचत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि तो निम्म्या हवेवर चालत राहतो. व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या, थोडक्यात काम होतं.

वजनाचं गणित आपल्या लोकांना खास सांगायला हवं. एकवीस फुटी गाडीची एकूण मर्यादा सहा हजार पौंडांच्या आसपास असते, आणि त्यातलं बरंच घरच खातं. नेमका आकडा दाराजवळच्या पट्टीवर असतो. पाण्याचा गॅलन सव्वाआठ पौंडांहून थोडा जास्तच, म्हणजे वीस गॅलनची टाकी भरली की एक माणूस जास्तीचा बसला. त्यावर दोन कुकर, तांदळाची गोणी आणि पुण्याहून आलेल्या चार बॅगा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो. थोडे डॉलर भरून पूर्ण सामानासकट गाडी एकदा काट्यावर घाला. बहुतेक गाड्यांच्या इंजिनाची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, तेव्हा घाटात उजव्या लेनमधून, धीरानं. उतारावर ब्रेक दाबून बसू नका, गिअर खाली घ्या. ब्रेकचं तेल हवेतली वाफ शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदला.

आणि पट्टे मोजा. कित्येक गाड्यांत धड सीटबेल्ट पुढच्या दोनच जागांना आहेत. मागच्या बाकावर सहाजण मावतात म्हणून सहाजणांनी प्रवास करायचा नाही. मुलांना तर चालत्या गाडीत माळ्यावर झोपवायचं नाहीच. उरलेली मंडळी मागून दुसऱ्या गाडीनं येऊ देत. आजी कुरकुर करतील, करू देत.

गॅसच्या बाबतीत हाताची कारागिरी दाखवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून त्याचा अलार्म पायाशी असतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा लागतो. दोन्हींच्या पाठीवर मुदत छापलेली असते, आणि जुन्या गाडीत ती हमखास टळलेली असते. नवे बसवा, मग चूल पेटवा. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं तुम्ही करू शकता. रेग्युलेटर आणि दाबाची चाचणी गॅसवाल्या कारागिराकडून करून घ्या. फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. गॅसच्या ज्योतीच्या किंवा विजेच्या उष्णतेवर अमोनियाचं चक्र फिरतं, म्हणून तो गाडी सपाट उभी असेल तरच नीट चालतो. तिरक्या गाडीत तासन्‌तास चालवलात तर कायमचा बिघडतो. मागच्या जाळीतून पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा झणका आला तर तो बंद करा आणि पुन्हा लावू नका. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर बर्नरमध्ये गंज किंवा कोळ्याचं जाळं शोधा.

विजेत एक सापळा आहे, त्यात भारतातून आलेला माणूस पटकन अडकतो. मोटरहोमचा तीन दाती 30 अँपिअरचा प्लग 120 व्होल्टचा असतो. पण तो कपडे वाळवायच्या यंत्राच्या प्लगसारखा दिसतो, आणि इलेक्ट्रिशियन घरी नवा सॉकेट बसवताना त्याला 240 व्होल्ट जोडून देतो. गाडी लावली की आतली सगळी उपकरणं एका फटक्यात जळतात. सॉकेट बसल्यावर आधी मीटर लावून बघा. आतल्या दिव्यांसाठी मोटार सुरू करायची बॅटरी नको, डीप सायकल बॅटरी घ्या. ती 12.7 व्होल्टला भरलेली असते आणि 12 च्या खाली वारंवार गेली की लवकर मरते.

इंजिनाबद्दल थोडंच. सकाळी सुरू करताना पुढून साखळीचा खडखडाट आला तर दुर्लक्ष करू नका. 1980 च्या दशकातल्या 22आर घराण्यात टायमिंग चेनच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजून तुटतात. मग साखळी बाहेरच्या झाकणाला घासत जाते आणि तिथून कूलंट तेलात मिसळतं. तेलाच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा साका दिसला तर गाडी चालवत घरी आणू नका, उचलून आणा. शेवटच्या काही वर्षांत आलेल्या व्ही-सिक्स गाड्यांत हेड गॅस्केट तपासून घ्या.

पाण्याच्या नळ्या करड्या, मऊशा प्लॅस्टिकच्या असतील तर त्या पॉलिब्युटिलीनच्या असू शकतात. या सांध्यात फुटतात, सवडीनं पेक्सच्या घाला. थंडीच्या राज्यांत राहणाऱ्यांनी बर्फ पडायच्या आधी टाकी आणि गिझर रिकामा करून नळ्यांत गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ भरावं. इंजिनातलं हिरवं नव्हे, ते विषारी असतं.

हे सगळं करूनही कधी कधी माळ्याचा सांगाडाच कुजलेला निघतो आणि हिशेब बसत नाही. तेव्हा अडकून पडू नका, पण गाडी अख्खी भंगारवाल्यालाही देऊ नका. तिचा सहा नटांचा ॲक्सल, खिडक्या, दार, चालू इंजिन यांच्या शोधात याच गाड्यांचे दुसरे मालक असतात. सुट्या भागांची जाहिरात द्या. ॲक्सल पाच नटांचा असेल तर जाहिरातीत तसं स्पष्ट लिहा, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या आई-बाबांच्या गाडीखाली जाणार नाही.