उभी गाडीच जास्त मोडते

गणपती गेले, पाऊस ओसरायला लागला, की जुनी डिझेल कॅम्पर बाळगणाऱ्या मंडळींची विचारपूस सुरू होते. जूनपासून गाडी अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असते. दिवाळीच्या सुट्टीसाठी ती बाहेर काढायला जावं, तर सेल्फ नुसता फिरत राहतो. मग ठरलेला प्रश्न येतो: गाडी तर चार महिने चालवलीच नाही, मग बिघडली कशी? माझं उत्तरही ठरलेलं आहे. चालवली नाही म्हणूनच बिघडली. कॅम्परचं निम्म्याहून अधिक आयुष्य उभं राहण्यात जातं. टॅक्सीची किंवा शाळेच्या गाडीची देखभाल किलोमीटरवर मोजतात, कॅम्परची महिन्यांवर मोजावी लागते. ही गोष्ट मालकाच्या मनात ठसली की घरच्या घरी करायच्या कामांचा क्रम आपोआप लागतो.

आपल्याकडे जुनी डिझेल कॅम्पर म्हणजे बहुतेक वेळा टेंपो ट्रॅव्हलरच. १९८७ मध्ये आकुर्डीच्या बजाज टेंपोने ती आणली. मर्सिडीजच्या टी-१ या व्हॅनची ही परवान्यावर बनवलेली आवृत्ती. जर्मनीत टी-१ १९७७ ते १९९५ बनत होती आणि वेस्टफालिया कंपनीने तिच्यावर ‘जेम्स कुक’ नावाचं फिरतं घर बांधलं होतं. म्हणजे ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि ओटा बसवणारे आपले लोक काही जगावेगळं करत नाहीत. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये ओएम ६१६ घराण्याचं २.४ लिटरचं इंजिन असतं. बिडाचा ब्लॉक, बिडाचंच हेड, टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण यांत्रिक इंधन पंप. एकदा सुरू झालं की या इंजिनाला चालत राहायला विजेची गरज नाही. संगणक नाही, सेन्सर नाही. घरी पाना हातात घेणाऱ्यासाठी यापेक्षा चांगलं इंजिन मी पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा एक सवय मोडू या. ‘मी रोज सकाळी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो’ असं अभिमानाने सांगणारे खूप आहेत. त्यांना मनापासून सांगतो, हे बंद करा. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये ऑइल धड तापत नाही. ज्वलनातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि क्रँककेसमध्ये साचून राहतं. थंड ज्वलनाची काजळी नोझलवर बसते. सेल्फने बॅटरीतून जे ओढलं, ते आयडलवरचा अल्टरनेटर तेवढ्या वेळात भरून देत नाही. वर शेजाऱ्यांच्या खिडकीत धूर जातो तो वेगळाच. पंधरा दिवसांतून एकदा गाडी वीस-तीस किलोमीटर रस्त्यावर काढा, इंजिन नीट तापू द्या, ब्रेक वापरा, सगळे गिअर टाका. ते जमणार नसेल तर सरळ बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. या गाडीत स्मृती पुसली जाईल असं काही नसतं, त्यामुळे तार काढायला घाबरायचं कारण नाही.

आता त्या न सुरू होणाऱ्या सकाळकडे वळू. इथे बहुतेक मालक पहिल्यांदा नवी बॅटरी आणतात, मग हीटर प्लग बदलतात, आणि शेवटी पंप उतरवायला निघतात. खरा क्रम वेगळा आहे. आधी ऐका. सेल्फ जड, दमल्यासारखा फिरतो आहे का? मग बॅटरी, तिची टर्मिनलं आणि इंजिनापासून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. या इंजिनाचं कॉम्प्रेशन २१ ला १ आहे. त्याला फिरवायला दम लागतो, आणि गंजलेल्या अर्थिंगमधून तो दम पोहोचत नाही. सेल्फ झपाझप फिरतो आहे, मागे पांढरा धूर येतो आहे, कच्च्या डिझेलचा वास येतो आहे? मग डिझेल आत जातं आहे पण पेटत नाही. हीटर प्लग तपासा. आणि सेल्फ झपाझप फिरतो आहे पण मागे धूरच नाही? मग डिझेल पोहोचतच नाही.

या तिसऱ्या प्रकारातल्या गाड्या मी सगळ्यात जास्त पाहिल्या आहेत, आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा चहा-नाश्त्याच्या पैशात मिळणारी एखादी रबरी नळी असते. गाडी उभी असताना टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये कुठेतरी हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीकडे उतरतं. फिटर याला ‘एअर घेतली’ म्हणतात. तपासायची रीत सोपी आहे. पंपाच्या कडेला हँड प्रायमर असतो. त्याची मूठ आटे फिरवून मोकळी करायची. फिल्टरवरचा एअर स्क्रू एक-दीड आटा ढिला करायचा, खाली चिंधी धरायची आणि प्रायमर मारायला लागायचं. सुरुवातीला मूठ हलकी जाते, हाताला काहीच लागत नाही. मग स्क्रूपाशी फेस दिसतो, फेसातून बुडबुडे आणि शेवटी अखंड, स्वच्छ धार. धार आली की स्क्रू आवळायचा, मूठ पुन्हा जड लागेपर्यंत मारायची आणि तिचे आटे परत बसवायचे. आता सेल्फ मारा. गाडी पहिल्या-दुसऱ्या फेरीत उठली, तर बॅटरी, प्लग, पंप सगळं निर्दोष आहे आणि तुम्हाला फक्त हवा शिरायची जागा शोधायची आहे. फिल्टर आणि पंपाच्या मधे तात्पुरती पारदर्शक नळी लावा. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग एकेक जोड मागे मागे सरकत तपासायचा. प्रायमर स्वतःच गळतो आहे का, फिल्टरचा वॉशर चपटा झाला आहे का, नोझलवरून परत येणाऱ्या बारीक नळ्या ओलसर आहेत का, हे सगळं बोट फिरवून कळतं. एक सक्त सूचना मात्र आहे. इंजिन चालू असताना नोझलच्या जाड पोलादी नळ्यांच्या जोडावर बोट धरू नका. त्या दाबाची बारीक फवार कातडी भेदून आत जाते.

या नळ्या इतक्या लवकर का जातात, याचं एक कारण डिझेलमध्येही आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ चं इंधन आलं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्षात १० भागांवर आली. त्याआधी ती ५० होती, त्याच्याही आधी ३५०. हवेसाठी ही फार चांगली गोष्ट झाली. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही अॅरोमॅटिक घटकही कमी होतात. या घटकांमुळे जुनं रबर फुगून घट्ट बसलेलं असतं. ते कमी झाले की वर्षानुवर्षं न बदललेलं रबर आकसतं आणि पाझरायला लागतं. उपाय एकच, सगळ्या इंधन नळ्या आणि सील एकदाच बदलून टाकायचे, शक्यतो व्हिटॉन रबराचे घ्यायचे. पुण्यात नाना पेठेत अर्धा दिवस काढला तर बहुतेक सगळं मिळतं. डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल टाकायचा जो प्रघात पडला आहे, त्याची मात्र गरज नाही. कमी गंधकाच्या डिझेलचा वंगणपणा घटतो हे खरं, पण तो भरून काढणारी द्रव्यं तेल कंपन्याच घालतात आणि त्याची मर्यादा भारतीय मानकात दिलेली आहे.

टाकी मात्र पावसाळ्याआधी काठोकाठ भरून ठेवा. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत श्वास घेते. रात्री आतल्या पत्र्यावर पाणी धरतं, ते तळाला जातं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतूंचा काळपट गाळ वाढतो. सप्टेंबरअखेर फिल्टरखालचा, किंवा पाणी साठायचं वेगळं भांडं असेल तर त्याचा, निचऱ्याचा स्क्रू उघडून पहिलं पेलाभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थर दिसला तर निवळ डिझेल येईपर्यंत काढत राहा. गाळ दिसला तर टाकी उतरवून धुवायचीच, त्याला दुसरा मार्ग नाही.

टॅपेटचं काम घरी जरूर शिका. थंड इंजिन, फीलर गेज, दोन-तीन १४ नंबरचे पाने. मर्सिडीजच्या मूळ पुस्तकात या इंजिनाला इनटेकला ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर दिलं आहे. एक्झॉस्टचं अंतर मिटत गेलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो, आणि थंडीत गाडी उठेनाशी होते. ऑइल वर्षातून एकदा बदला, गाडी हजार किलोमीटर चालली असली तरी. आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायची आपली जुनी सवय बिडाच्या इंजिनाला आतून गंजवते. बारमाही कूलंट ठेवा.

ब्रेकविषयी मी जरा आग्रहानेच लिहिणार आहे. कॅम्परमध्ये पलंग, पाण्याची टाकी, दोन बॅटऱ्या, सामान आणि माणसं असं सगळं वजन एकदम असतं, आणि आपल्या आवडीच्या जागा घाट उतरल्यावरच येतात. ताम्हिणी, वरंधा, आंबोली, कुठलाही घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलं झाल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले, ते उकळलं, की पायाखालचं पेडल नुसतं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, बाटलीची तारीख लिहून ठेवायची. मग मागचे ड्रम उघडायचे. गाडी जॅकवर नुसती ठेवून खाली हात घालायचा नाही, दोन्ही बाजूंना घोड्या लावायच्या, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. आत व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबराची टोपी असते. नखाने तिची कड हळूच उचला. आत कोरडं असेल तर ठीक. ओलं लागलं, बोटाला ब्रेक ऑइलचा वास आला, तर त्या सिलिंडरचं रबर गेलं आहे. महिनोन् महिने एकाच जागी बसलेला पिस्टन गंजाच्या कडेवर रबर घासतो आणि पहिल्या सहलीतच गळायला लागतो. उभ्या गाडीची ही खास खोड आहे.

बूस्टरची परीक्षा तर कोणालाही घरी घेता येते. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूम पंप किंवा त्याची नळी तपासा. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा थ्रॉटल नसल्यामुळे ब्रेकला मदत करणारी पोकळी या पंपातूनच येते. गाडी पावसाळाभर उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि ठोकळे लावा. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्काही वाचा. ‘२३१६’ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी दहा वर्षं झालेला टायर भरल्या गाडीला घाटात नको.

घराच्या बाजूची कामं थोडक्यात. छतावर पंख्यासाठी किंवा सोलरसाठी पाडलेलं प्रत्येक भोक दरवर्षी मे महिन्यात तपासा, तिथे पॉलियुरेथेन सीलंट वापरा. एका कोपऱ्यातली प्लायवूड उचलून खालचा पत्रा बघा, कारण गंज तिथेच, न दिसता वाढतो. घरगुती बॅटरीच्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज असलाच पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. आत शेगडी ठेवणार असाल तर जमिनीच्या पातळीला कायमची उघडी जाळी हवी. मी तरी स्वयंपाक बाहेरच करा म्हणेन.

धुराबद्दल बोललंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर निश्चित कर्ककारक ठरवला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करता येते, महाराष्ट्रात पर्यावरण कर भरून ती चालवताही येते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी घेऊन तिचं कॅम्परमध्ये रूपांतरही करता येतं. पण चढावर काळा लोट सोडणारी गाडी रस्त्यावर आणायचा नैतिक हक्क कुठल्याही पावतीने मिळत नाही. एअर फिल्टर बदलूनही धूर काळा राहिला तर नोझल आणि पंप दाखवा.

आणि इथे घरच्या कामाची हद्द संपते. पंप घरी उघडू नका. त्याच्या आतल्या जोड्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत बसवलेल्या असतात आणि चारही सिलिंडरना सारखं डिझेल जातं आहे की नाही, हे फक्त कॅलिब्रेशनच्या बेंचवर दिसतं. हे काम करणारी माणसं आता वयस्कर झाली आहेत. नव्या कॉमन-रेल गाड्यांनी त्यांचा धंदा आटवला आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकायला फारसं कोणी येत नाही. तुमच्या गावात किंवा तालुक्याला असे एखादे मिस्त्री असतील, तर या हंगामात पंप आणि नोझल त्यांच्याकडे न्या. मजुरीत घासाघीस करू नका. ते काम करत असताना शेजारी उभं राहण्याची परवानगी मागा, घरातल्या तरुण मुला-मुलीला सोबत न्या, आणि ते सांगतील ते वहीत लिहून घ्या.