सर्व्हरवरची एक ओळ

परवा आमच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने विचारलं, "अहो, दुकानातला सीसीटीव्ही घरून मोबाईलवर का दिसत नाही?" जुना डीव्हीआर, दोनदा माणूस येऊन बघून गेला, एक कॅमेराही बदलून झाला. शेवटी नेटवाल्याने सांगितलं, 'स्टॅटिक आयपी' घ्या, महिन्याला वेगळे पैसे पडतील. म्हणजे तार तीच, राऊटर तोच, स्पीडही तोच. बदलणार काय, तर त्यांच्या सर्व्हरवर या दुकानाच्या नावापुढची एक ओळ!

ज्यांनी व्हीएसएनएलचं डायल-अप वापरलंय त्यांना हे नवीन नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत शेल खातं, म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्रं बघायची तर टीसीपी-आयपी खातं, ते १५ हजारांच्या घरात. घरचा फोन आणि मोडेम मात्र दोघांचा एकच!

फरक पडायचा पलीकडे. तुम्ही फोन लावला की तिकडे मोडेमची रांग आणि तिच्यामागे नेटवर्क ॲक्सेस सर्व्हर. तो नाव-पासवर्ड तपासायचा आणि तुमच्या नावापुढे जे लिहिलंय तेवढंच द्यायचा. शेल लिहिलं असेल तर शेल. स्लिप किंवा पीपीपी लिहिलं असेल तर आयपी पत्ता आणि खरं इंटरनेट. स्लिप अगदीच साधी, १९८८ ची: पाकीट संपलं की एक ठरलेली खूण टाकायची, बस. पत्ता आधीच माहीत हवा, चूक झाली तर कळणार नाही. पीपीपी पासवर्ड विचारते, पत्ता स्वतः देते, म्हणून तीच टिकली.

गंमत म्हणजे त्याच काळात 'स्लर्प' नावाचा फुकट प्रोग्राम आला. तो शेल खात्यात चालवला की त्याच स्वस्त खात्यावर स्लिप सुरू! म्हणजे अडचण तारेत कधीच नव्हती.

आता तुमच्या फायबर राऊटरची सेटिंग उघडा. बऱ्याच ठिकाणी 'पीपीपीओई' दिसेल. तीच पीपीपी, फोनऐवजी इथरनेटवरून. तिथेच 'वॅन आयपी' बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यातल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमचा बाहेरचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटून दिलेला आहे. बाहेरून कुणी तुमच्या डीव्हीआरपर्यंत थेट पोचू शकत नाही, ते यामुळे.

नेटवाल्यांची बाजूही खरी आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून जेमतेम ४२९ कोटी, ते पुरणार कसे? वाटून द्यावे लागतात, आणि वेगळा पत्ता हवा तर वेगळे पैसे, यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती न सांगण्याला. शिवाय आयपीव्ही६ सुरू केलं तर पत्त्यांचा तुटवडा उरत नाही, पण ते सुरू केलंय की नाही हेही ग्राहकाला कुणी सांगत नाही.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेबसाइट बघून वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. त्या वेळी आपण सगळे हिरिरीने भांडलो, बरं झालं. पण तो प्रश्न कुठली साइट याचा होता. ग्राहकाच्या नावापुढे सर्व्हरवर काय लिहायचं, हे अजून नेटवाल्याच्या मर्जीवर आहे.

माझी मागणी चार गोष्टींची, त्या पावतीवर मराठीत छापा: पत्ता स्वतंत्र की वाटलेला, आयपीव्ही६ आहे का, डेटाची मर्यादा संपल्यावर स्पीड किती, आणि कनेक्शन किती तासांनी आपोआप तोडलं जातं. पाव किलो फरसाणाच्या पाकिटावर यापेक्षा जास्त माहिती असते हो!

आमच्या दुकानदाराने स्टॅटिक आयपी घेतला, कॅमेरा त्याच दिवशी दिसू लागला. पावतीवर अजूनही एवढंच आहे: 'अनलिमिटेड प्लॅन'. तुमच्या पावतीवर काय लिहिलंय, खाली सांगा.