हेडसेट कपाटात पडलाय म्हणून मुलाला बोलू नका

दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, आता ब्लॅक फ्रायडे. म्हणजे पुढचे दोन-तीन आठवडे इथे यूकेत आपल्यापैकी बऱ्याच घरांत कुणीतरी अकरा-बारा वर्षांचं पोर मागे लागणार, "आई, सगळ्यांकडे व्हीआर हेडसेट आहे." आपण आधी "बघू" म्हणणार, मग किती टक्के ऑफ आहे ते बघणार, मग पौंडांना रुपयांनी गुणणार आणि शेवटी उसासा टाकून ऑर्डर करणार. पोस्ट मोठी आहे, पण त्या बटणावर क्लिक करायच्या आधी वाचा. ज्यांच्या घरी गेल्या वर्षीचा हेडसेट धूळ खातोय त्यांनी तर वाचाच. कारण माझं भांडण तुमच्याशी आहे. माझ्या स्वतःशीही आहे.

मी पेशाने सीए. घरखर्चाची एक्सेल शीट आहे, तिच्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा जाते (नवरा चेष्टा करतो, करू दे). गेल्या वर्षी लेकाच्या बाराव्या वाढदिवसाला हेडसेट घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुसऱ्या कुणाचा घेतला असता तरी बहुधा हेच झालं असतं. हेडसेट, वेगळा घ्यावा लागलेला बरा पट्टा, चष्म्याच्या नंबरची भिंगं, ठेवायचा डबा आणि चार गेम्स मिळून ६१२ पौंड. पालकांच्या ॲपमध्ये वापराचे तास दिसतात. दहा महिन्यांनी बेरीज केली तर १८ तास. ताशी ३४ पौंड!

मग मी काय केलं? तुम्ही केलं असतंत तेच. "सत्तर हजार रुपये होतात याचे, सत्तर हजार! बाबांचा पहिला पगार किती होता माहितीये? तुम्हाला कशाची किंमतच नाही." तो काही बोलला नाही. पण त्यानंतर दर रविवारी जेवण झालं की न सांगता हेडसेट घालून वीस-पंचवीस मिनिटं खेळायला लागला. शीटमधला आकडा सुधारायला लागला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाचव्या रविवारी खेळून झाल्यावर बाथरूममध्ये गेला तो बाहेरच येईना. जाऊन बघते तर फरशीवर बसलेला, कपाळाला घाम, चेहरा पांढराफटक. म्हणाला, "आई, मला ते लागतं. गाडी लागते ना, तसं. पहिल्यापासून. पण तू म्हणालीस सत्तर हजार."

पोरगं माझी शीट सुधारायला उमासे गिळत होतं.

आता मला सांगा, "आजकालच्या मुलांना किंमत नाही" हे वाक्य आपण किती वेळा म्हटलंय? हेडसेटबद्दल, पियानोबद्दल, त्या चौदाशे पौंडांच्या स्की ट्रिपबद्दल. प्रत्येक वस्तूला आपण रुपयांची चिठ्ठी लावतो आणि मग मूल "मला त्रास होतोय" हे सांगायचं बंद करतं. निदान हेडसेटच्या बाबतीत तरी मूल बहुतेक वेळा बरोबर असतं. का, ते सांगते. त्या रविवारनंतर मी सगळं वाचून काढलं. ऑडिटची सवय, दुसरं काय.

आधी ते 'लागणं'. वरंध घाटातून महाडला उतरताना एसटीत काय व्हायचं आठवा. कान सांगतात गाडी वळतेय, डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ स्थिर. दोघांचं जमत नाही आणि पोट निकाल देतं. हेडसेटमध्ये हेच उलटं होतं. डोळ्यांना दिसतं आपण धावतोय, उडतोय, आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते, अरे हा तर बैठकीच्या खोलीत उभा आहे. म्हणून ज्या गेममध्ये अंगठ्याने दांडी ढकलून पुढे जायचं असतं, किंवा रोलर कोस्टरसारखं काही असतं, ते सगळ्यात जास्त लागतात. 'बीट सेबर'सारखा गेम, जिथे तुम्ही जागच्या जागी उभे आणि ठोकळे तुमच्याकडे येतात, तो पुष्कळांना चालतो. ज्या मुलाला गाडी लागते त्याच्यासाठी हेडसेट घेताना हा विचार आपण करायला हवा होता. मी केला नाही. प्रवासात त्याच्यासाठी आवळासुपारी बरोबर ठेवणारी आई मी, आणि मला सुचलं नाही.

"सवय होते हो हळूहळू," असं सांगणारे बाबालोक खूप भेटतात. होते काहींना, थोडं थोडं खेळून. पण मळमळ सुरू झाली की लगेच काढून ठेवा, हे खुद्द कंपन्याच आपल्या सुरक्षा सूचनांत लिहितात. मेटाच्या सूचनांत तर दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटं थांबा असंही आहे, गरज वाटत नसली तरी. ते बारीक अक्षरातलं कुणी वाचत नाही. आपण तासाला किती पडले ते बघतो.

मग वजन. मेटा क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम, त्याआधीच्या क्वेस्ट २ चं ५०३, सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआर २ चं साधारण ५६०. ॲपलचा व्हिजन प्रो आला तेव्हा ६०० ते ६५० ग्रॅमचा होता, आणि त्यात बॅटरी धरलेली नाही, ती वेगळी वायरने लटकते. ३,४९९ डॉलर देऊन! अर्धा किलो ऐकायला काही नाही. पण तो डोक्यावर बसत नाही, चेहऱ्यासमोर लटकतो. अर्धा किलो साखरेची पिशवी नाकापुढे बांधा आणि वर-खाली बघत अर्धा तास उड्या मारा. सोबत मिळणारा साधा इलॅस्टिकचा पट्टा सैल ठेवला तर चित्र धूसर, आवळला तर गालांवर लाल वळ. चष्मा असला तर आणखी वेगळे हाल. म्हणून तो 'बरा पट्टा' वेगळ्या पैशांत विकतात. मला विचाराल तर आरामात बसण्यासाठी लागणारी गोष्ट वेगळी विकणं म्हणजे खुर्ची विकून पाठ टेकायचे पैसे वेगळे लावणं. चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमचीही एक गोष्ट आहे. क्वेस्ट २ च्या फोममुळे त्वचेला खाज-पुरळ येत असल्याच्या हजारो तक्रारी आल्या आणि २०२१ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख नगांसाठी रिकॉल काढून वर चढवायचं सिलिकॉनचं आवरण फुकट द्यावं लागलं. म्हणजे तुमचा मुलगा "टोचतंय" म्हणत होता तेव्हा नाटक करत नव्हता.

डोळ्यांचं थोडक्यात. दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, आणि मुलांचं कमी. क्वेस्ट ३एस मध्ये भिंगं तीनच जागी बसतात: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. दहा-अकरा वर्षांच्या कितीतरी मुलांचं अंतर ५८ पेक्षाही कमी असतं. मग चित्र नीट जुळत नाही, डोळे शिणतात, डोकं दुखतं. वयाचं म्हणाल तर मेटाने २०२३ मध्ये किमान वय १३ वरून १० वर आणलं, पालकांच्या देखरेखीत. सोनी १२ च्या खाली नको म्हणते. मुलांच्या माना २०२३ मध्ये अचानक मजबूत झाल्या असं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि जागा! जाहिरातीत मुलगा पांढऱ्याशुभ्र रिकाम्या हॉलमध्ये हात फिरवतो. फिरून खेळायचं तर किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागते. आमच्या टेरेस्ड घरात नोव्हेंबर ते मार्च दोन बाय दोन मीटरवर कपडे वाळत घालायचा स्टँड उभा असतो. तो हलवा, कॉफी टेबल हलवा, देवघराच्या बाजूला उभं राहू नकोस सांगा, दिवा लावा (अंधारात त्याच्या कॅमेऱ्यांना हात दिसत नाहीत, आणि इथे चार वाजता काळोख), मग कळतं चार्जिंग नाही, चार्जिंग केलं की अपडेट. शाळेतून आल्यापासून पोहण्याच्या क्लासपर्यंत पोराकडे पाऊण तास. त्यातला खेळायला राहतो किती? एकदा कंट्रोलर लॅम्पशेडला बसला, तेव्हापासून मी दारात उभी राहून "अरे जपून" करत होते. याला खेळ म्हणायचं?

दुसरी बाजूही आहे. ज्यांना लागत नाही आणि ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांना 'बीट सेबर' घामाघूम करतो, सोफ्यावर लोळण्यापेक्षा बरंच. माझ्या ऑफिसातली एक बाई रोज सकाळी अर्धा तास खेळते, दोन वर्षं झाली. पण ती चाळिशीची आहे, स्वतःच्या पैशाने घेतलाय, कंटाळा आला तर कुणी तिला पगाराचा हिशोब सांगत नाही.

"पण भविष्य आहे ते," हे दुसरं वाक्य. असेल. निन्टेंडोने १९९५ मध्ये 'व्हर्च्युअल बॉय' काढला होता, मान वाकवून लाल चित्रं बघायची. डोकं दुखतं म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि वर्षभरात तो बंद पडला. मेटाचा जो विभाग हे हेडसेट बनवतो त्याचा २०२४ चा तोटा १७.७ अब्ज डॉलर होता. त्यात चष्मे, संशोधन सगळं आलं. एवढा तोटा सोसू शकणाऱ्या कंपनीच्या भविष्याची सोय माझ्या पोराच्या मानेने करायची गरज नाही.

घ्यायचाच असेल तर आधी मित्राकडे घालून बघू दे. वीस मिनिटं, आणि ज्यात चालायचं-धावायचं असतं असा गेम. कसं वाटलं ते लगेच नको विचारू, तेव्हा "भारी!" हेच उत्तर येतं. रात्री जेवताना विचारा. आणि एक हिशोबाची गोष्ट. इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करायचा कायदेशीर हक्क आहे. दुकानात जाऊन घेतलीत तर तसा सरसकट हक्क नाही, त्या दुकानाचे नियम. आपण काय करतो, ब्लॅक फ्रायडेला मागवतो, कागदात गुंडाळून ख्रिसमसपर्यंत कपाटावर ठेवतो, आणि मूल पहिल्यांदा डोक्याला लावतं तेव्हा ते १४ दिवस कधीच संपलेले असतात. मागवण्याआधी दुकानाने परतीची मुदत जानेवारीपर्यंत वाढवलीय का ते बघा.

घेऊन बसला असाल तर तो बुडालेला खर्च आहे. सीए इंटरच्या पोराला कळतं की गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, मग घरी आल्यावर आपल्याला काय होतं? आमचा हेडसेट मी पट्ट्या-भिंगांसकट २४० पौंडांना विकला. घ्यायला एक बाबा मुलीला घेऊन आले होते. मी तिला आमच्याच हॉलमध्ये, स्टँड बाजूला करून, वीस मिनिटं खेळू दिलं आणि बाबांना चहा दिला. तिला काही झालं नाही, मजेत होती. लेक जिन्यात बसून बघत होता. ती गेल्यावर त्याने मला विचारलं, "शीटमध्ये आता किती लिहिणार?" मी ती ओळच काढून टाकली.

ज्यांच्या घरी हेडसेट दुसऱ्या हिवाळ्यातही वापरात आहे त्यांनी खाली जरूर लिहा. मुलाचं वय, गेम कोणता, आणि आठवड्याला किती तास. "खूप आवडतो" नको, तास लिहा. आणि लिहायच्या आधी एकदा मुलाला विचारा, मी विचारायच्या आधी ओरडले होते.